पिशवीचा कौल

चंद्रावरच्या वसाहतीत स्वयंपाकघर एकच होतं आणि ते कुणाचं ऐकत नसे. मुकुंदराव टिळेकरांचं तर मुळीच नाही.

हरितगृहात मेथी पिकवणाऱ्या या वनस्पतिशास्त्रज्ञाचं मोठं आतडं डॉ. मुजावर बाईंनी काढलं होतं. लहान आतड्याचं टोक पोटावर आणून तिथे पिशवी लावली होती. पिशवीत बसवलेला ‘पाझरपारखी’ काय बाहेर आलं ते स्वयंपाकघर चालवणाऱ्या पाकयंत्राला कळवी, आणि पाकयंत्र त्यावरून ताट वाढी.

ताट म्हणजे मऊ भात, केळं आणि मीठ-साखरेचं पाणी. सुरुवातीला ते ठीकच होतं. पण आता बाईंच्या मते अंडं, धिरडं, सोललेलं रताळं थोडं थोडं सुरू करायला हवं होतं. मुकुंदरावांचं वजन घसरत होतं, आणि आणखी घसरलं तर पुढच्या यानातून त्यांची पृथ्वीवर रवानगी ठरलेली होती. मागे मेथीचं बघायला कोण, तर पाकयंत्र. या विचाराने त्यांना भातसुद्धा गिळवेना.

बाईंनी यंत्राचे जनक आगाशे यांना बोलावलं.

“नियम सोपा आहे,” आगाशे म्हणाले. “जो पदार्थ पिशवीत नीट उतरलेला दिसला, तोच वाढायचा. धोका शून्य.”

“आणि जो खायलाच दिला नाही, तो उतरणार कसा?” बाईंनी विचारलं.

आगाशांनी नियमावली चाळली. मग म्हणाले, की नियम बदलायचा तर पृथ्वीवरच्या समितीची मंजुरी लागते, आणि समितीला अजिबात घाई नसते.

“मलाही नाही,” मुकुंदराव म्हणाले. “मी हळूहळूच वाळतोय.”

यंत्राची तपासणी म्हणून आगाशे दुपारी त्यांच्या शेजारीच जेवायला बसले. त्यांच्या ताटात मुगाच्या डाळीची धिरडी आली, तव्यावरची, कडेने जाळी पडलेली. मुकुंदराव नुसते बघत होते. समोरच्याला सोडून एकट्याने खाणं आगाशांच्या आईने त्यांना शिकवलंच नव्हतं. नियम त्यांनी स्वतः लिहिला होता हे खरं, पण हाताची सवय त्याहून जुनी होती.

“घ्या ना थोडं,” ते म्हणून गेले.

बाईंनी तिकडे पाठ फिरवली आणि भिंतीला सांगितलं, की तुकडा लहान असावा आणि पार पीठ होईपर्यंत चावावा. मुकुंदरावांनी तो एवढा वेळ चावला की तेवढ्यात आगाशांची दोन धिरडी संपली.

रात्री पाझरपारख्याने धिरडं सुखरूप उतरल्याचं कळवलं. सकाळी मुकुंदरावांच्या ताटात भाताशेजारी एक धिरडं होतं. ते त्याच्याकडे जुना मित्र भेटावा तसे बघत राहिले.

आगाशांच्या ताटातही मऊ भात, केळं आणि एक धिरडं होतं. त्यांनी उसळ मागितली, पोहे मागितले, शेवटी नुसती चटणी मागितली. पाकयंत्राने शांतपणे खुलासा केला: काल या ताटात वाढलेलं धिरडं रुग्णाच्या पिशवीत आढळलं आहे, म्हणून हे ताट रुग्णाचं आहे.

“अहो, पण मला काही झालेलं नाही!”

“धोका शून्य,” यंत्र म्हणालं.

आगाशे तसेच उठून संपर्ककक्षात गेले. समितीची तातडीची बैठक दुपारच्या जेवणाआधी भरली आणि नवा नियमही आला: एका वेळी एक नवा पदार्थ, अगदी थोडा, नीट चावून; उतरला तर पुढचा. बाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं तेच.

फक्त नियम रुग्णांच्या ताटांना होता, आणि यंत्राच्या हिशेबी रुग्ण आता दोन होते. त्यात आगाशांना पिशवी नव्हती. त्यांचं काही उतरल्याचं यंत्राला दिसणार कुठून?

आठवड्याने मुकुंदरावांच्या ताटात अंडं आलं, मग रताळं. वजनाचा काटा वर सरकला आणि यान त्यांना न घेताच गेलं. शेजारी आगाशे मऊ भात चिवडत होते. मुकुंदरावांनी आपलं ताट त्यांच्याकडे सरकवलं.

“घ्या ना थोडं.”