पाचवी वस्तू

दिवा जरा जवळ घ्या आणि ऐका. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, रंगवून सांगणं मला जमत नाही. जसं झालं तसं सांगते. पटलं तर पटलं, नाहीतर चहा पिऊन घरी जा.

मी दवाखान्याच्या लॉन्ड्रीत कामाला आहे, एकवीस वर्षं झाली. वॉर्डांतून चादरींचे गठ्ठे येतात, त्यांचे तीन ढीग करायचे. धुवायचं, शिवायचं, फेकायचं. चादर हातात आली की ती कुठल्या ढिगात जाणार ते मला डोळे मिटूनही कळतं. त्यामुळे घरातली मागची खोली आवरणं म्हणजे माझ्यासाठी एका दुपारचं काम. निदान मला तसं वाटलं होतं.

ती खोली माझ्या सासूची. जाऊन दोन वर्षं झाली तिला. माझ्यापेक्षा चार बोटं उंच, ताठ बाई. शेवटी काठी टेकत चालायची, पण मान खाली गेली नाही. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मला ‘बुटके’ म्हणायची. मीही गप्प बसणाऱ्यातली नव्हे. तोंडावर सासूबाई आणि मनात म्हातारी, अशी सत्तावीस वर्षं काढली आम्ही. भांडण मात्र एकाच गोष्टीवरून. म्हातारी काही म्हणजे काही टाकू द्यायची नाही. बरणी फुटली, झाकण ठेवा. कुलूप हरवलं, किल्ली ठेवा. सुतळीचे तुकडे गाठी मारून मारून एवढाले गुंडे केलेले. मी एखादी वस्तू उचलली की आधी खोकायची, “ख्हं.” मग म्हणायची, “राहू दे गं बुटके. लागेल कधीतरी.”

“कधी?” मी विचारायची.

“लागेल तेव्हा कळेल.”

आता माझ्या लेकीचं सांगते. ती शिवणकाम करते, दुसऱ्या गावी भाड्याच्या खोलीत. हात आजीचा, तोंड माझं. घरमालकाने खोली सोडायला सांगितली तेव्हा तिचा फोन आला.

“आई, मागची खोली रिकामी करतेस का? मशीन तिथे मांडीन. पण हे मी तिसऱ्यांदा विचारतेय. दोनदा हो म्हणालीस आणि दोनदा मी येऊन बघितलं तर खोली जशीच्या तशी. मी यायला नको असेन तर तसं तोंडावर सांग. माझी मैत्रीण लांब दुकान टाकतेय, तिच्याबरोबर जाते. मग भेटू वर्षा-दोन वर्षांनी.”

काय सांगणार होते मी तिला? दोनदा मी ती खोली आवरली होती. पोती भरून, तोंडं बांधून व्हरांड्यात ठेवली होती. सकाळी बघते तर पोती रिकामी, नीट घडी घातलेली, आणि सगळं सामान जागच्या जागी. झाकणावर झाकण. हे मी कोणापाशी बोलले नव्हते. बोलले असते तर लॉन्ड्रीतल्या बायकांनी मला उचलून वॉर्डात टाकलं असतं, मीच निवडलेल्या चादरीवर.

“शनिवारी संध्याकाळी ये,” मी लेकीला म्हटलं. “मशीन घेऊनच ये.”

फोन ठेवला. एकुलती एक पोर आहे हो ती.

शनिवारी अर्धी सुट्टी टाकली. भंगारवाल्याला पाचची वेळ दिली. या वेळी पोती घरात राहू द्यायचीच नाहीत, असं ठरवलं होतं. नवरा ट्रक घेऊन गेलेला, घरात मी एकटी. खोलीचं दार ढकललं तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील, पण आत काळोख. खिडकीला म्हातारीने कपाट लावून ठेवलेलं, आणि त्यात वीज गेलेली. भर दुपारी कंदील पेटवून मी आत शिरले. दोन वर्षं कोणी न वापरलेल्या खोलीला कसा वास यायला हवा? कुबट. तिथे वास येत होता लवंगेच्या तेलाचा. म्हातारी दाढेला लावायची. वास ताजा होता, नुकतं बूच उघडल्यासारखा.

मी फरशीवर लॉन्ड्रीतल्या बाद झालेल्या तीन चादरी पसरल्या. डावीकडे ठेवायचं, मधे द्यायचं, उजवीकडे टाकायचं. पदर खोचला आणि हात चालवायला सुरुवात केली. पहिल्यांदा हाताला लागला चामड्याचा एक लांब, पातळ पट्टा. कशाचा, कोणास ठाऊक. टाकायचं. त्यानंतर गंजलेली छोटी किल्ली. टाकायचं. बोटाच्या पेराएवढं पितळी झाकण. टाकायचं. अर्ध्या तासात उजवीकडे डोंगर झाला, डावीकडची चादर कोरी. मी खूश. घसा कोरडा पडला म्हणून स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले आणि परत आले.

डावीकडच्या चादरीवर तीन वस्तू. पट्टा, किल्ली, झाकण. एका ओळीत.

मी आधी शेजारणीवर संशय घेतला. ती रिटायर झालेली नर्स, गल्लीत तिला सगळे सुईबाई म्हणतात. कुठल्याही घरात न विचारता शिरायची सवय. कुंपणावरून हाक मारली.

“सुईबाई, माझ्या मागच्या खोलीत आला होतात का?”

“मी? त्या खोलीत?” ती दात काढून हसली. “तुझी सासू जिवंत असताना घाबरायचे मी तिथे यायला. आता तर नावच नको.”

मी परत गेले. तिन्ही वस्तू उचलून उजवीकडच्या डोंगरावर आपटल्या. पाठ वळवली, दहापर्यंत मोजलं आणि मागे बघितलं.

डावीकडे. एका ओळीत.

आणि मग काळोखातून, कपाटाच्या बाजूने... “ख्हं.”

खोटं बोलत नाही. कंदिलाची ज्योत एवढीशी झाली. मानेवर गार वारा, खिडकी तर बंद. दाराकडे पळणार, तेवढ्यात लेकीचं बोलणं आठवलं. मग भेटू वर्षा-दोन वर्षांनी. आणि माझं डोकं फिरलं. भीती एकीकडे राहिली.

“सासूबाई!” मी ओरडले. “सत्तावीस वर्षं ऐकून घेतलं तुमचं! आता मेल्यावरही तेच? ही खोली कोणाला हवीये, ठाऊक आहे का? तुमच्या नातीला! जिला मांडीवर बसवून सुईत दोरा ओवायला शिकवलंत, तिला! आज ही खोली भरलेली दिसली तर पोर कायमची जाईल. मग बसा तुमची झाकणं कवटाळून!”

खोली गप्प. नुसती गप्प नव्हे, कान देऊन गप्प. समजतंय ना मी काय म्हणते ते?

मी आवाज खाली आणला. “सौदा करू. पाच वस्तू. हाताला बोटं पाच, वस्तू पाच. त्या तुम्ही सांगाल त्या ठेवते. त्यापलीकडे सुतळीचा तुकडासुद्धा ठेवणार नाही. कबूल?”

सुतळीच्या गुंड्यांच्या टोपलीत खुडबुड झाली. टोपलीच्या काठावरून एक तुकडा खाली घसरला. हातभर. सरपटत, अगदी सावकाश, डावीकडच्या चादरीवर गेला आणि तिथे निवांत पडला.

मला हसूच फुटलं. एवढ्या भीतीतही. मेलेली बाई, पण खोड जाईल तर शपथ!

“चार झाल्या,” मी म्हटलं. “पाचवी?”

मी पाचवं बोट वर धरलं. “ठीक आहे. सुचेल तेव्हा सांगा. मी थांबणार नाही.”

आणि मग काय सांगू तुम्हाला, कामाला जो वेग आला! लॉन्ड्रीत चार बायका एकदम कामाला लागल्या की येतो तसा. मी पोतं उचलायला जावं तर ते आधीच तोंड उघडून उभं, जणू कोणी दोन्ही हातांनी धरून ठेवलंय. मी वाकून वस्तू टाकायची, की पोतं आपोआप थोडं हलून जागा करायचं. वरच्या फळीपर्यंत माझा हात कधीच पोचला नाही, तर तिथले डबे एकेक करून काठाशी येऊन थांबायचे. “बुटकी म्हणून टोमणा मारताय ना?” मी विचारायची, आणि कपाटामागून ते “ख्हं” यायचं, पण आता त्यात धार नव्हती. ते कपाटसुद्धा मी एकटीने सरकवलं. एकटीने म्हणजे... असो. खिडकी उघडली, ऊन आत आलं, धूळ नाचायला लागली. मी मोठ्याने गाणं म्हटलं. माझा गळा ऐकून सुईबाईने तिकडे खिडकी लावून घेतली.

पाच वाजता भंगारवाला हातगाडी घेऊन आला. पोती चढवली. शेवटी दारामागची काठी राहिली होती, म्हातारीची. कोणी बदलू नये म्हणून खालच्या टोकाला तिने लाल रंगाचा पट्टा मारलेला.

“बाई, काठी चांगली आहे. ठेवा की,” भंगारवाला म्हणाला.

“ने. आमच्या घरात आता कोणी लंगडत नाही.”

त्याने ती पोत्यांवर आडवी बांधली. गाडी वळेपर्यंत मी दारात उभी राहून बघत होते. लाल टोक बाहेर आलेलं, शेवटपर्यंत दिसत होतं.

सहाला लेक आली. टेम्पोतून तिचं पायमशीन उतरवलं, खोलीत ठेवलं, टेम्पोवाला गेला. ती उंबऱ्यावर उभी. रिकामी खोली, झाडलेली फरशी, उघडी खिडकी.

“आई, खरंच केलंस?”

“मग काय खोटं?”

गळ्यात पडून रडली. माझंही नाक वाहायला लागलं, पण मी पदराने पुसलं आणि म्हटलं, “रडून झालं असेल तर मशीन लाव.”

मशीन लावायला गेली तर वाटेत आदळून त्याचा पट्टा तुटलेला. “आता सोमवारपर्यंत बसा,” ती चिडली. मी डावीकडच्या चादरीवरचा चामड्याचा पट्टा तिला दिला. चाकावर चढवला तर इंच इकडे नाही, इंच तिकडे नाही. मशीनच्या खणाची किल्ली तिने मागच्या घरी हरवली होती. गंजकी किल्ली एका फेऱ्यात फिरली. तेलाच्या कुपीचं झाकण टेम्पोत पडलेलं. पितळी झाकण बसलं, थेंब गळेना. दिवा मशीनपासून लांब, तर हातभर सुतळीने वायर खिडकीच्या गजाला बांधून खाली ओढता आली.

लेक टाळ्या पिटत होती. “आई, तुला सगळं आधीच माहीत होतं?”

“मला चौथीपर्यंतचंच माहीत असतं,” मी म्हटलं. पण अंगावर काटा आला होता, आणि सांगते तुम्हाला, तो काटा छान होता. लागेल तेव्हा कळेल म्हणायची ना? कळलं.

एकच राहिलं. कोपऱ्यातली एक फरशी खचलेली आहे, मशीनचा एक पाय तिच्यावर अधांतरी. “काहीतरी खाली घालायला हवं,” लेक म्हणाली, आणि चादरीकडे बघून, “हा बघ की, हा ठोकळा आहे.”

मी ठेवलेला नव्हता. चार बोटं उंचीचा गोल लाकडी तुकडा. तिने पायाखाली सरकवला. बसला. मशीन डुलेनासं झालं. तुकड्यावर कडेने लाल रंगाचा पट्टा होता.

मी हळूच दार लोटून दारामागे बघितलं.

काठी उभी होती. लाल टोक नसलेली. कापल्याजागी लाकूड पांढरंशुभ्र, आणि फरशीवर, जी मी तासाभरापूर्वी दोनदा झाडली होती, चिमूटभर भुसा.

पाचवी वस्तू. दोन तुकड्यांत.

लेक मशीनवर गुणगुणत होती. मी काठीच्या मुठीवर हात ठेवला. माझ्या हाताला, माझ्या उंचीला बरोबर. माझे गुडघे ठणठणीत आहेत हो. मी दिवसाला चारदा गठ्ठे घेऊन दोन मजले चढते. “एवढ्यात नाही हं लागणार,” मी दारामागे पुटपुटले.

त्याला आता आठ महिने झाले. लेकीचं काम जोरात आहे. त्या खोलीत दिवसभर बायका, मापं, चिंध्या आणि हसणं. मी कामावरून येते तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच मशीनची टकटक ऐकू येते आणि दमलेले पाय आपोआप पळायला लागतात. लवंगेचा वास तिथे आलेल्या बायकांनाही येतो. त्यांना वाटतं, लेक कपड्यात काहीतरी घालून ठेवते. एवढी मजेत मी आयुष्यात नव्हते.

परवा लेकीने माझ्या कामावरच्या डगल्याचं माप घेतलं. टेप खांद्यापासून खाली सोडली, वहीत बघितलं, पुन्हा सोडली.

“आई, ताठ उभी राहा.”

“ताठच आहे.”

“मग गेल्या वेळी माझं चुकलं असेल. दोन बोटं कमी भरतेय.” हसली. “आजी म्हणायची तशी खरंच बुटकी होत चाललीस.”

मीही हसले. ती चहा ठेवायला गेली तेव्हा मात्र दारामागे गेले. आता काठी मला दोन बोटं मोठी व्हायला हवी होती, नाही का? हात ठेवला.

बरोबर बसली.

खाली बघितलं. काठीच्या टोकाशी, सकाळीच झाडलेल्या फरशीवर, चिमूटभर ताजा भुसा होता.