दोन बॅटऱ्यांची गाडी

पीं-पीं.

दोनदाच. आखूड, घाईघाईचे... खाली कुणीतरी ताटकळतंय आणि वरचं माणूस अजून भांगच पाडतंय, असे.

दीपिका जागीच थबकली. कॉटन ग्रीनच्या त्या गोदामांच्या गल्लीत दिवेलागणीला चिटपाखरू नसायचं. भिंतीला टेकून वर्षभर धूळ खात पडलेली ती डिझेल पिकअप तिच्या रोजच्या वाटेवरचीच; पण एवढ्या उशिरा दीपिका आज पहिल्यांदाच इथून जात होती. हॉर्न वाजला तो याच गाडीचा. तिने हाताने काच पुसून आत डोकावून पाहिलं. सीट रिकामी.

"तुम्हालाही ऐकू आला?"

ती केवढ्याने दचकली! मागे ऑफिसच्या कपड्यांतला एक तरुण उभा होता. चेहरा पांढराफटक, पण डोळ्यांत असा आनंद, की जणू हिने त्याचं हरवलेलं काहीतरी आणून दिलंय.

"हॉर्न वाजला तर ऐकू येणारच. मी काय बहिरी आहे?"

"वॉचमनला नाही येत हो. समोरच्या चहावाल्यालाही नाही. मला वाटलं... मलाच वेड लागलंय."

वेडा तर तो होताच, पण दिसायला बरा होता. दीपिकाने तेवढं चटकन पाहून घेतलं आणि मग स्वतःवरच चिडली.

त्याचं नाव उन्मेष. राहायला गिरगावात, नोकरी विमा कंपनीत. गाडी त्याच्या थोरल्या भावाची, शंतनुची. गणपतीच्या मूर्ती ने-आण करायचा तो, आणि गाडी या गोदामांपाशीच ठेवायचा. मिरवणुकीतल्या रोषणाईसाठी त्याने मूळच्या बॅटरीशेजारी स्वतःच्या हाताने दुसरी बसवली होती. रोज संध्याकाळी वाडीच्या तोंडाशी येऊन दोनदा हॉर्न मारायचा – उतर खाली, निघायचंय. उन्मेष वरून ओरडायचा, "आलो रे, आलो!" आणि निवांत चहा संपवायचा. गेल्या वर्षी शंतनु झोपेतच गेला. तेव्हापासून गाडी त्याच वेळी वाजत होती, आणि उन्मेष ऑफिस सुटलं की थेट येऊन तिच्यात बसत होता. आई बिचारी धास्तावली. तिने गिऱ्हाईक शोधलं. शनिवारी गाडी जाणार होती, फक्त ती चालू व्हायला हवी होती.

"म्हणजे बॅटरी बघणारं कुणीतरी..."

"समोर उभं आहे," दीपिका म्हणाली. वडिलांच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून त्यांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान तीच चालवत होती.

दुसऱ्या दिवशी तिने बॉनेट उघडलं. टर्मिनलवर पांढरी बुरशी चढलेली. तिने टेस्ट लॅम्प लावला. लॅम्प जरासाही मिणमिणला नाही. दोन्ही बॅटऱ्या ठार मेलेल्या. मग काल वाजलं ते काय? हातातला पाना तिने उगीचच घट्ट धरला.

"दोन्ही बदलाव्या लागतील."

"एकच बदला ना. ही दुसरी... त्याने बसवलेली आहे. राहू दे."

दुसरं कुणी असतं तर तिने झाडलंच असतं. जुनी बॅटरी नव्या बॅटरीचं रक्त पिते. दोघी बांधल्या की रातोरात दोघी आडव्या. पण गाडी धड चालली की शनिवारी जाणार. आणि गाडी गेली की हा कशाला येतोय इकडे?

प्रेमात माणूस काय वाट्टेल ते करतं म्हणतात. दीपिकाने चुकीची जोडी बांधली. प्लसला प्लस, मायनसला मायनस, नवीला जुनी जोडून दिली आणि निर्लज्जपणे म्हणाली, "होऊन जाईल."

गाडी चालू झाली. सकाळी परत मेली. उन्मेष परत आला.

"आज काय झालं?"

"लूज कनेक्शन... असेल कुठेतरी."

"सापडत नाही?"

"तुम्ही असं एकटक बघत राहिलात तर कसं सापडेल?"

"मी वायरीकडे बघत होतो."

"वायर माझ्या केसांत आहे का?"

तो लाजला. तिने बॉनेटखाली डोकं घातलं, कारण हसू आवरेना. आठवडाभर हे असंच चाललं. आणि रोज दिवेलागणीला, दोघं हसत असतानाच यायचं ते. पीं-पीं. मग तिचा हात नकळत त्याच्या बाहीवर जाई.

शुक्रवार उजाडला. संध्याकाळी तपासण्याच्या निमित्ताने तिने दोन्ही बॅटऱ्या काढून खाली फुटपाथवर ठेवल्या. केबली नुसत्या लोंबत होत्या. गाडीत विजेचा थेंब नव्हता.

पीं-पीं.

पीं-पीं. पीं-पीं.

आणि मग हॉर्न थांबेचना. एकसारखा, कान फाडणारा. दीपिकाने आत पाहिलं. स्टीअरिंगवरचं हॉर्नचं बटण आत दबलेलं होतं. कुणीतरी अंगठा टेकवून बसावं तसं.

"आलो रे, आलो!" उन्मेष सवयीने ओरडला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अहो, ते तुम्हाला बोलवत नाहीयेत!" तिला त्या गोंगाटात बोंबलावं लागलं. "त्यांना निघायचंय! वर्षभर ताटकळलेत! तुम्ही त्यांना अडवलंय... आणि मीही! मी मुद्दाम जुनी बॅटरी ठेवली! गाडी गेली की तुम्ही येणार नाही म्हणून! कारण मला तुम्ही –"

हॉर्न बंद झाला.

"– आवडता!" हे एवढं सगळ्या गल्लीत खणखणीत ऐकू गेलं. पलीकडच्या वॉचमनलासुद्धा.

दीपिकाला धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं. बटण हळूच वर आलं.

"मला माहीत होतं," उन्मेष पुटपुटला. "परवा एका टेम्पोवाल्याला तुम्ही झापलंत. नवी-जुनी जोडायची नाही म्हणून. मी दुकानाबाहेरच होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"मलाही गाडी चालू व्हायला नको होती. आधी त्याच्यासाठी. आणि नंतर..." त्याने नाक पुसलं. "नंतर त्याच्यासाठी नव्हे."

दोघांनी मिळून दुकानातून आणलेल्या दोन नव्या बॅटऱ्या बसवल्या. तिने प्लस आवळले. शेवटचा, मायनसचा क्लॅम्प तिने त्याच्या हाती दिला. त्याने पाना पुरता फिरवला. मग आत बसून चावी दिली. इंजिन पहिल्याच दमात धडधडलं.

तो कितीतरी वेळ त्या बटणाकडे बघत राहिला. शेवटी स्वतःच अंगठा टेकवला. दोनदा. आखूड.

"जा रे दादा," तो म्हणाला. "मी आता येत नाही."

गल्लीत गार वारा सुटला आणि लगेच पडला. शेजारची सीट रिकामी होती. गाडीत, वर्षभरात पहिल्यांदाच, त्याच्याशिवाय खरोखर कुणी नव्हतं. त्याने हात लांबवून तिकडचं दार उघडलं.

"बसतेस?"

काळ्याकुट्ट हातांनी साडीवरची धूळ झटकत दीपिका आत चढली.