मांजर माती का चाटते?

आजीच्या पत्राला ज्ञानेश्वरीनं उत्तर धाडलंच नव्हतं. सुट्टी लागताच राजाबाईआजीनं साताऱ्याकडच्या गावाहून दोडक्याच्या बिया काडेपेटीत घालून पाठवल्या होत्या. सोबत लिहिलं होतं, 'वेलीनं दोरी धरली की कळव. मी वाट बघते.'

पण कळवणार काय? नेरूळच्या त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर, आंब्याच्या रिकाम्या पेटीत तिनं माती भरली, बिया टोचल्या. इवली पानं वर आली. डोक्यावर हिरवा मांडव झालाय, संध्याकाळी पिवळी फुलं उमलताहेत, असं तिला दिसूही लागलं. आणि रोपं करपली! दोनदा! आता काडेपेटीत दोनच बिया उरल्या होत्या.

"खाडीचा वारा खारा. त्यानंच जळली," शेजारचा विश्वजित म्हणाला.

"ए शहाण्या! मग बाजूची तुळस कशी टवटवीत?" खालच्या मजल्यावरचा कुंदन म्हणाला. "आणि ती बघ!"

एक पिवळी मांजर तुळशीला वळसा घालून थेट पेटीत शिरली आणि माती चाटू लागली.

ज्ञानेश्वरीनं वाकून पाहिलं. मातीवर पांढरट थर होता. बोट लावून तिनं जिभेला टेकवलं. "थू! मीठ!"

"कोणीतरी टाकतंय!" विश्वजितचे डोळे विस्फारले.

"टेन्शन नको. आपण पकडू!" कुंदन म्हणाला.

दुपारी तिघं पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसले. तुर्भ्याकडून ट्रकांची घरघर येत होती. लांबवर खाडी चकाकत होती. ज्ञानेश्वरीचे डोळे मिटू लागले. मिटल्या डोळ्यांत वेल टाकीवर चढली, ढगापर्यंत पोचली...

कुंदननं कोपर मारलं. पेटीशेजारी झोपलेली मांजर उठली होती! जिन्यात चपला वाजल्या. वरच्या मजल्यावर एकटेच राहणारे आप्पा पातेलं घेऊन आले आणि त्यांनी ते पेटीत रिकामं केलं.

"आप्पा!"

पातेलं खणकन पडलं. "आरं, घाबरवता व्हय! पोरीच्या वेलीला गुपचूप खत घालतोय. कुंदनची आजीच म्हणली, मासं धुतल्यालं पानी झाडाला लई चांगलं!"

"कसले मासे?" ज्ञानेश्वरीनं विचारलं.

"खारा बांगडा. भिजत घातलेला."

कुंदननं कपाळावर हात मारला. "आजी ताज्या मासळीचं म्हनली! तुमी तर मीठ पाजलंत!"

आप्पा मटकन कठड्याशी बसले. "आता तुझ्या गावच्या आजीला काय सांगायचं गं?"

ज्ञानेश्वरीनं हळूच काडेपेटी उघडली. "अजून दोन आहेत."

आप्पांनी स्वतः पाठीवरून नव्या मातीची गोणी चार जिने चढवली. एक बी उगवलंच नाही. दुसरं उगवलं, वाढलं, आणि शाळा सुरू व्हायच्या आदल्या सकाळी त्याच्या बारीक तंतूनं दोरीला एक वेढा घातला.

"मांजरीवरनं चोर धरलात! शाब्बास रं पोरांनो!" चोर स्वतःच म्हणाला.

ज्ञानेश्वरीनं कार्डावर लिहिलं, 'आजी, धरली.' मग धावत जाऊन टपालाच्या लाल पेटीत टाकलं, आणि आत पडल्याचा आवाज ऐकूनच ती वळली.