पडद्यावरचं पीठ

जे सांगते ते माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत घडलं. मी तिसरीपर्यंत शिकलेली बाई. खोटं रचायला जेवढी अक्कल लागते तेवढी देवाने मला दिली नाही, आणि खोटं सांगून मला काही मिळवायचंही नाही. पटलं तर वाचा, नाही तर पान उलटा.

साल १९९८. आषाढ अमावस्या, आपली दिव्याची अवस. बेंगळूरच्या चामराजपेटेतलं आमचं घर. वेळ दिवेलागणीची.

हो, रात्र नव्हती. असलं काही रात्रीच होतं असं म्हणणाऱ्यांनी माझ्याकडे यावं. चहा पाजते आणि सांगते.

आमच्या बाहेरच्या खोलीत माझ्या मुलाचं, सयाजीचं, दुकान होतं. लग्नपत्रिका काँप्युटरवर जुळवून छापखान्याला द्यायचा. मराठी, कन्नड, दोन्ही. काँप्युटर जुना, आणि त्याचा मॉनिटर, म्हणजे पडदा, त्याहून जुना आणि हट्टी. चालू केला तरी काळाच राहायचा. मग सयाजी बोटाच्या पेराने त्याच्या डाव्या अंगाला दोनदा मारायचा.

टक... टक.

"एळू, राजा," म्हणायचा. ऊठ.

आणि पडदा उठायचा.

आदल्या वर्षी सयाजी काविळीने गेला. अंगात ताप, डोळे पिवळे, तरी कुणाच्या तरी पत्रिका पुऱ्या करायला बसला होता. त्या खुर्चीतच मान टाकली.

आमच्यात जिथे जीव जातो तिथे पीठ पसरून दिवा ठेवतात, वर टोपली झाकतात. सकाळी टोपली उचलून पिठावर कसलं पाऊल उमटलंय ते बघायचं. पाखराचं, गाईचं, माणसाचं... गेलेला कुठे गेला ते कळतं. पण माझे दीर नागोजीभावजी म्हणाले, "बाहेरच्या खोलीत गिऱ्हाइकं चपला घालून येतात. तिथे कसला दिवा? आत देवघरापाशी ठेवा."

घरात मयत झालं की या माणसाच्या अकलेला बहर येतो.

दिवा आत ठेवला.

सकाळी टोपली उचलली... पीठ जसंच्या तसं. मुंगीसुद्धा चालली नव्हती.

"मुक्ती मिळाली," भावजी म्हणाले.



माझी सून शिवलीला, निपाणीची, सयाजीपाशी बसून काँप्युटर शिकलेली. दिवस झाले तशी भावजींची टकळी सुरू. हिला माहेरी धाडा, ते खोकं भंगारात द्या. मी म्हटलं, "माझ्या सुनेला धाडणारे तुम्ही कोण? ती इथेच राहील आणि स्वतःचं कमवून खाईल."

म्हटलं खरं. पण कमवणार कसं?

सयाजीचा दोस्त हयवदन कोरमंगलाच्या एका कंपनीत होता. त्याने तिथे शब्द टाकला. सोमवारी परीक्षा ठरली. त्या कंपनीत लिनक्स नावाची सिस्टीम चालते, ती शिवलीलाला चालवता आली पाहिजे. घरच्या काँप्युटरात ती बसली तर सोमवारपर्यंत तिचा हात बसेल. नाही बसली, तर निपाणीची गाडी.

"फुकट असते ती, अम्मा," हयवदन म्हणाला. "जुन्या मशीनवर पण चालते."

"फुकट नुसतं तोंड चालतं," मी म्हटलं. "बसव आधी, मग बोल."

अवसेला दुपारीच तो पिशवीभर फ्लॉप्या घेऊन आला. जुनी डिस्क वापराविना पडून बिघडली होती. ती काढली, दुसरी घातली. म्हणजे सयाजीचं त्या खोक्यात काही उरलं नव्हतं. हे ध्यानात ठेवा.

त्याच दिवशी इकडच्या लोकांची भीमन अमावस्या. बायका नवऱ्याचे पाय पुजतात. शेजारच्या घरांतून घंटा वाजत होत्या. शिवलीला उठली आणि खिडकी लावून आली.

मी न पाहिल्यासारखं केलं. दिव्यांसाठी कणीक मळायला घेतली.

संध्याकाळ झाली तरी बाहेरून नुसते सुस्कारे.

"काय रे, गाडी घाटात अडकली काय?"

"अक्षरं येतात, अम्मा. चित्र येत नाही."

त्याने खोकं उघडलं होतं. चित्र दाखवणारं कार्ड असतं म्हणे आत. ते रुमालाने पुसून त्याच्यावरचा नंबर वाचला, आत भरला. मशीनने कार्ड ओळखलं. पडदा ओळखेना.

"एवढा घमेल्याएवढा समोर बसलाय की!" मी म्हटलं.

"समोर आहे, अम्मा. पण मशीनला दिसत नाही. आपण सांगावं लागतं."

पडदा किती वेगाने लुकलुकतो त्याचे आकडे असतात. ते हाताने भरायचे. पडद्याच्या मागे चिकटवलेला कागद झिजून कोरा झाला होता. आकडे सयाजीला तोंडपाठ होते.

"म्हणजे पत्रिका हरवली आणि सोयरीक जुळवायचीय."

शिवलीला हसली. कितीतरी दिवसांनी. "आणि चुकीची जुळली तर पडदा जळतो, आत्ती."

हयवदनने अंदाजाने आकडे भरले.

पडदा काळा झाला... आणि आतून आवाज आला. बारीक. कानात चिलट शिरावं तसा. वाढत गेला...

"बंद कर, बंद कर!" हयवदन ओरडला. शिवलीलाने बटणं दाबली. पुन्हा अक्षरं.

दुसरे आकडे. पुन्हा काळोख, पुन्हा तोच आवाज. या वेळी मला तो चिलटासारखा वाटला नाही. कुणीतरी दात आवळून कण्हावं तसा वाटला.

शेवटच्या दिवसांत सयाजी तसाच कण्हायचा. आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून.

"बस," हयवदन म्हणाला. "ट्यूब जाईल. दुसरा पडदा कुठे मिळतो बघतो. पण सोमवारच्या आत..."

टेबलामागे गेला, स्क्रू सोडवले आणि पडद्याची वायर खोक्यातून उपसून काढली. मी स्वतः पाहिलं. वायर त्याच्या हातात लोंबत होती. माऊस तर अजून पिशवीतच होता, जोडलाच नव्हता.

शिवलीला टेबलाच्या उजव्या बाजूला बसलेली, हात पडद्याच्या कोपऱ्याशी टेकलेला. मी उंबऱ्यात, पडद्याच्या अगदी समोर. दोन्ही हात पिठात भरलेले.

शेजारच्या घंटा थांबल्या.

मग खोक्यातल्या पंख्याची घरघर थांबली. खोलीतला दिवा मात्र पेटलेला, म्हणजे वीज गेली नव्हती...

आणि मग...

टक... टक.

डाव्या अंगाला. तिथे भिंत आहे. हात शिरेल एवढीही जागा नाही.

"यारू?" हयवदन हळूच म्हणाला. कोण आहे?

कुणी नव्हतं.

पडदा उजळला. हळूहळू. अक्षरं नाहीत, काही नाही. सगळा राखाडी, बारीक कणाकणाचा... कुणी तळव्याने पीठ सारखं करून पसरावं तसा.

आणि मधोमध एक छोटी काळी खूण.

हयवदन नंतर म्हणाला, चित्र सुरू होताना असंच येतं. राखाडी पडदा, मधे फुली. त्याने कितीदा तरी पाहिलंय.

"पण वायर माझ्या हातात होती, अम्मा."

त्याला फुली दिसली. मला पाखराचं पाऊल दिसलं.

ते हललं.

थोडं सरकलं... थांबलं. पुन्हा सरकलं. तापात सयाजी भिंत धरून मोरीपर्यंत जायचा, तसं. थांबत, दम खात. उजवीकडे, खाली, कोपऱ्याकडे. शिवलीलाचा हात होता तिथवर गेलं आणि राहिलं.

तिने हात काढला नाही.

"अहो," ती म्हणाली. इतक्या हळू, की घंटा वाजत असत्या तर मला ऐकूच आलं नसतं. "राहिलेल्या पत्रिका मी पुऱ्या केल्या. वेळेत दिल्या. लग्न छान झालं त्यांचं."

पडदा विझला.

पंखा घरघरला. शेजारी घंटा वाजू लागल्या. वायर परत शिवलीलानेच बसवली. मशीन पुन्हा सुरू केलं... आणि चित्र आलं. लख्ख, स्थिर. आवाज नाही, कण्हणं नाही.

"कुठले आकडे भरलेस?" तिने विचारलं.

"मी भरलेच नाहीत."

त्याने मशीनमध्ये आकड्यांची जागा उघडून पाहिली. आकडे भरलेले होते. आम्हा तिघांपैकी कुणाचेच नव्हते ते.

सोमवारी शिवलीला परीक्षेला गेली आणि नोकरी घेऊन आली. आज तिच्या हाताखाली माणसं आहेत. नागोजीभावजी आता पाहुण्यांना सांगतात, "आमची सून, काँप्युटरमध्ये मोठी आहे." सांगू दे. बेशरमपणावर कर लागत नाही.

तो पडदा पुढे कधीतरी कायमचा बंद पडला. पण टेबल मी हलवू दिलेलं नाही. दर दिव्याच्या अवसेला त्याच्या पायाशी पीठ पसरते. दिवा ठेवते, टोपली झाकते.

लोक म्हणतात, म्हातारी घाबरली असेल. घाबरले नाही. मला खुपतं ते वेगळंच.

तो बायकोकडे गेला, बरोबरच आहे. तिचं अडलं होतं. पण मी समोर उभी होते हो. अगदी समोर. ते पाऊल माझ्याकडे एकदाही वळलं नाही.

समोर असून त्याला दिसले नसेन का मी?

आपण सांगावं लागतं, हयवदन म्हणाला होता. मग आता टोपली उचलायच्या आधी मी सांगते. मोठ्याने, शेजाऱ्यांनी ऐकलं तरी चालेल.

"सयाजी... मी इथे आहे रे."

आणि टोपली उचलते.

पीठ कोरंच असतं.