यंदाचा नंबर एक

त्यानं बटण दाबलं, तेव्हा मी आवाज सोडलाच नव्हता.

काचेपलीकडच्या बंद खोलीत तो हेडफोन लावून बसला होता. कानात बारीक सूर वाजला की बटण दाबायचं, एवढंच काम. आणि हा पठ्ठ्या काही वाजलेलं नसताना दाबून मोकळा!

“काय ऐकलं?” मी माईकमधून विचारलं.

“तुम्ही गुणगुणत होता ते. माईक चालू राहिलाय, मॅडम.” तो हसला. “आवाज ग्वाड हाय... पण अंतरा चुकला की!”

मी लाजून लाल. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या या कानाच्या दवाखान्यात तपासणीच्या कामाला लागल्यापासून माझी चूक पेशंटनं काढायची ही पहिलीच वेळ. आणि काढली कुणी? तर मिरवणुकांमध्ये साउंड सिस्टीम वाजवून स्वतःचे कान घालवून बसलेल्यानं!

विश्वजित त्याचं नाव, गाव नेसरी. मित्राबरोबर भागीदारीत साउंडचा धंदा. गणपती असो, जयंती असो, हळद असो, याच्या स्पीकरच्या भिंती हजर. पण खरं वेड गाण्याचं. वर्ष सरताना तो स्टेटसला यादी टाकायचा – या वर्षात मला सगळ्यात आवडलेलं ऐकणं. शेवटून सुरू करून पहिल्या नंबरापर्यंत. गावातली पोरं त्यावरून भांडायची म्हणे.

“यंदा तुमचं बी एक गाणं घेतो,” जाताना तो म्हणाला. “सांगा कुठलं?”

“अंतरा चुकतो ते,” मी म्हटलं.

डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं – बारीक, उंच आवाज गेले ते गेले. धंदा सोडला तर उरलेलं टिकेल. त्यानं “बघू” म्हणत मान हलवली, पण तपासणीला मात्र नेमानं यायला लागला. दर वेळी एक गाणं सांगून जायचा. “पुढच्या बारीपातूर ऐकून ठेवा.”

मी ऐकायची. भाकरी थापताना, गच्चीवर कपडे वाळत घालताना, बसच्या खिडकीशी बसून... पण माझं ऐकणं बिघडलंच. गाणं राहायचं बाजूला. त्यातलं काय काय त्याच्यापर्यंत पोचणार नाही, तेवढंच मी ऐकत बसायची.

जुलैत तो आला तेव्हा बाहेर पत्र्यावर पाऊस नुसता कोसळत होता.

“कडव्याच्या आधी घुंगरू आहे,” मी सांगितलं. “अगदी बारीक. किती छान आहे!”

त्याचा चेहरा उतरला. “ते गाणं मी शेकड्यानं वाजवलंय. घुंगरू कुठलं त्यात?”

मला जीभ चावावीशी वाटली. तो खिडकीकडे बघत म्हणाला, “हा पाऊस बी असाच. ऐकू येतोय... पण थेंब न्हाईत येत.”

मी त्याचा हात टेबलावर ओढून घेतला आणि मनगटावर बोटानं त्या घुंगराचा ठेका धरला. हळू, मग जलद, मग एकदम थांबून – एक शेवटचा ठोका.

“असं हाय व्हय ते?” तो म्हणाला. “परत एकदा वाजवा.”

मी वाजवलं. मग परत. पुढचा पेशंट दारात खोकत होता, तरी वाजवलं.

त्यानंतर मला काय झालं ते सांगायला कुठल्या यंत्राची गरज नव्हती. जिन्यावर पाऊल वाजलं की वाटायचं – तोच. तो नसायचा. आईनं विचारलं, “क्रांती, आजकाल आमटीत मीठ दोनदा पडतंय, काय भानगड?” मी म्हटलं, नवा पुडा खारट आहे.

दिवाळीनंतर तो आला, तो निराळाच. धंद्यातली भागीदारी सोडली होती.

“वर्षाच्या शेवटी कानाचं मशीन बसलं की गावाकडं. म्हशी हायत, डेअरी हाय.”

“मग कोल्हापूरला येणं...?”

“काम असल्याबिगर कोण बोलावतंय?” तो माझ्याकडे बघत राहिला.

मी बोलवेन, म्हणायचं होतं. ओठांवर आलेलं गिळलं. म्हटलं, गाणं मिळालं तर पाठवत जा.

“पोरगी बघायला गेलतो परवा,” तो एकदम म्हणाला. “लई हळू बोलायची. माझं आपलं ‘आँ? आँ?’ चहा झाला, उठलो. बहिऱ्याशी कोण संसार करंल, मॅडम? इचारायचं तरी कुठल्या तोंडानं?”

शेवटचं वाक्य त्यानं त्या मुलीसाठी म्हटलं नव्हतं. मला कळलं, आणि मला कळलंय हे त्यालाही कळलं. तरी मी पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली, त्यानं चिठ्ठी खिशात घातली. डिसेंबर न विचारलेल्या त्या प्रश्नातच गेला. त्यानं दिलेली सगळी गाणी मी उलटसुलट ऐकली आणि एकाही गाण्यानं जीव निवला नाही.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी तो मशीन बसवायला आला. आधी एक अखेरची तपासणी. तो आत, मी बाहेर, मध्ये काच.

“यंदाची यादी झाली का?” मी माईकमधून विचारलं.

“झाली. नंबर एक सोडून.”

“का?”

“ते ऐकायचं राहिलंय अजून.” त्यानं नजर खाली घातली. “वाटलंतं, यंदा कानावर पडंल... न्हाय पडलं.”

माझं बोट माईकच्या बटणावर होतं. काचेआडून बोलणं सोपं होतं. पण आता हे नाही बोलले, तर हा माणूस कानात मशीन घालून जिना उतरणार होता, आणि परत येण्याचं कारण उरणार नव्हतं. मी उठले, ते जाडजूड दार ओढलं. मला बघून त्यानं हेडफोन काढला.

“विश्वजित, मला तुम्ही आवडता!” मी अस्सल कोल्हापुरी आवाजात ओरडले. “आणि बोलवलासा तर म्हशीची धार काढायला बी येतो मी!”

आम्ही कोल्हापूरच्या पोरी येतो-जातोच म्हणतो. पण एवढ्या मोठ्यानं नाही. बाहेरच्या बाकावर नृसिंहवाडीच्या धोंडुबाई बसल्या होत्या, बंद पडलेलं मशीन मुठीत घेऊन.

“आत्ता गं बया!” त्या म्हणाल्या. “मला बी ऐकू आलं! व्हय म्हण की रं, पावण्या!”

“व्हय,” तो म्हणाला. डोळे भरलेले, आणि हसू काही आवरत नव्हतं. “व्हय की! पण एवढ्या मोठ्यानं?”

“तुम्हाला ऐकू यायला नको?”

“सगळ्या शाहूपुरीला गेलं ते.” त्याचा आवाज खाली आला. “एकदा... फकस्त मला म्हणा की.”

मी वाकले. त्याच्या कानाशी अगदी हळू बोलले. इतकं हळू, की त्यातलं निम्मं त्याला पोचणार नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी सगळं बोलले. वर्षभराचं. बोलून झालं तरी तो तसाच, डोळे मिटून.

“आलं का काही ऐकू?” मी विचारलं.

“हलू नका,” तो म्हणाला. “अजून ऐकतोय.”