आजोबांना शिकवलेला शब्द

तळघरातून धुतलेले कपडे आणायचे, एवढंच काम होतं. भूतबीत बघायला कोणी निघालं नव्हतं. तेव्हा आत्तापासून एकमेकांना चिकटून बसू नका, घाम येईल. आणि तो कोपऱ्यातला शहाणा, मोबाईलचा उजेड बंद कर आधी. उजेडाला भूत बिचकतं. ते बिचकून पळालं तर गोष्टीत उरणार कोण, तू?

तर हे घडलं मामाच्या भाच्याबरोबर. मामा कोण? तुमच्यापुढे मांडी घालून बसलाय तोच. मामा सातवीत दोनदा बसला आणि मग उठलाच नाही, पण भाचा डोक्याने तल्लख. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बाहेरदेशातल्या एका लिफ्टच्या कंपनीने त्याला बोलावून घेतलं. लग्नाला चार महिने झालेले. बायकोला घेऊन गडी विमानात बसला.

तिकडे दोघांनी जे दिवे लावले, त्यात गाव उजळलं असतं. त्यांच्या घराचं दार आपोआप लागायचं. लागलं की कुलूपच. भाचा सकाळी टॉवेलवर कचऱ्याची पिशवी टाकायला बाहेर आला. दुसरी पिशवी विसरला, ती द्यायला मागोमाग बायको आली. मागे दार... खट्! हा टॉवेलवर, तिच्या एका पायात चप्पल. जगाची दारं उघडणारा मेकॅनिक स्वतःच्या दारासमोर दोन तास जिन्यावर बसला. त्या दिवसापासून घराची एकुलती एक किल्ली त्याने दोरीत ओवून गळ्यात बांधली, बालवाडीतल्या पोरासारखी. हे लक्षात ठेवा. किल्ली गळ्यात.

मग आंघोळीचा साबण म्हणून फरशीचं पॉलिश आणलं. बाटलीवर फुलांचं चित्र, वास झकास. चार दिवस दोघं असे चकाकत होते, की बायको म्हणाली, "अरे, तुझ्या पाठीत बघून भांग पाडता येईल मला!"

पण खरी चैन निराळीच. तिथे आपली भाषा कोणाला कळत नव्हती. मग काय, लिफ्टमध्ये, दुकानात, बसमध्ये, लोकांच्या तोंडावर त्यांचीच टिंगल! खालच्या मजल्यावरच्या बाईचं तोंड थांबायचं नाही, तिचं नाव दळण. तिचा नवरा, पीठ. तोंड गोड हसरं ठेवायचं आणि वाटेल ते बोलायचं. समोरचाही बिचारा हसायचा.

सातव्या मजल्यावर एक आजोबा राहायचे. एकटेच. राखाडी टोपी, हातात पिशवी, पायात घासत चालायच्या सपाता. आपले हे दोघं चौथ्यावर. लिफ्टमध्ये रोज गाठ पडायची. आजोबांना यांची भाषा येईना, यांना आजोबांची. आजोबा बोटाने वर दाखवायचे आणि रिकामी मूठ ओठाला लावायचे. म्हणजे, चहाला या ना वर.

भाचा म्हणायचा, "येतो हो आजोबा, येतो! तुमचं घर म्हणजे आमची सासुरवाडीच!" चौथा मजला आला की हात हलवायचा. "येतो हं!"

रोज येतो. गेले कधीच नाहीत.

एक दिवस आजोबांनी खुणेनेच विचारलं, तो शब्द काय म्हणतोस रे जाताना? भाच्याला तर अशा गोष्टीत भारी हुरूप. आमच्या घराण्याचाच गुण. त्याने हात हलवून दाखवला, निरोपाचा शब्द आहे म्हणून. म्हणा, ये-तो. आजोबांनी म्हणून पाहिलं. "ये... तो." दोन अक्षरांच्या मधे थांबायचे, दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट थांबावी तसे. पण शिकले. मग रोज टोपीला हात लावून, "ये... तो." आणि चालले सातव्यावर.

बायको म्हणाली, "अर्धवट शिकवलंस त्यांना. येतो म्हणतात आणि जातात."

"आपण काय वेगळं करतो?"

"आपल्याला माहीत असतं रे. आणि खरंच आले म्हणजे?"

"आले तर चहा पाज."

आता तुम्हीच सांगा, आपण निघताना 'जातो' म्हणतो का? म्हटलं तर आजी पाठीत धपाटा घालते. जातो म्हणायचा हक्क एकाच माणसाला आहे, आणि तो म्हणायला उरलेला नसतो. भाच्याने शब्द दिला, अर्थ अर्धा दिला. येतो म्हणजे निघतो, हे सांगितलं. येतो म्हणजे परत येतो, हे सांगायचं राहून गेलं.

हिवाळ्यात, एका मंगळवारी, आजोबा वारले. झोपेतच. लिफ्ट एवढीशी, स्ट्रेचर आडवं मावेना. दोघा माणसांनी ते उभं केलं. वरपासून खालपर्यंत चादर, पट्ट्यांनी बांधलेलं. नेमका भाचा चौथ्यावर बटण दाबून उभा, कामावर निघालेला. लिफ्ट थांबली. दार उघडलं. समोर आजोबा. उभे.

जिभेला हाड नसतं आणि सवयीला डोकं नसतं. भाचा म्हणून गेला, "येतो हं, आजोबा."

घराच्या दारात उभ्या असलेल्या बायकोने कपाळावर हात मारला. तिला तेव्हा सातवा महिना सरत आलेला. "मेलेल्या माणसाला कोणी येतो म्हणतं का रे?"

"तोंडातून गेलं गं."

गेलं ते गेलं. लिफ्टचं दार लागलं.

आता बोटं मोजा. मंगळवारी आजोबा गेले. पुढच्या आठवड्यातला शनिवार. कितवा दिवस झाला? बरोबर, बारावा. मोजलंत हे बरं केलंत, त्या दोघांनी मोजलंच नव्हतं.

त्या शनिवारी रात्री बाराला वीस मिनिटं कमी होती. कपडे धुवायचं मशीन तळघरात, सगळ्या इमारतीचं मिळून एक. पाटीवर पाळ्या लिहिलेल्या, यांची पाळी रात्रीची. भाचा कपडे आणायला निघाला, तर बायको म्हणे, "मी एकटी नाही बसणार वर." आली पोट सांभाळत. भाच्याचा फोन पलंगावर, चार्जिंगला. दार लागलं, खट्. किल्ली गळ्यात.

तळघरात कपडे टोपलीत भरले. बाळासाठी आणलेल्या झबल्यांनाही एक पाणी देऊन घेतलं होतं, तीही त्यात. दोघं लिफ्टमध्ये शिरले. चार नंबर दाबला. तळमजला गेला, पहिला गेला, दुसरा गेला. आणि लिफ्ट थांबली.

दिवा गेला. छपराला एक बारीक निळसर दिवा असतो अडीअडचणीचा, तेवढा राहिला.

"वा," बायको म्हणाली, "न्हाव्याच्याच दाढीला वस्तरा सापडेना!"

भाच्याने दोन्ही हातांनी दार फाकवलं. समोर भिंत. वर, तिसऱ्या मजल्याच्या दाराखाली, चार बोटं फट. त्यातून मांजरही गेलं नसतं. हाका मारल्या. पण ती बंद दारांची इमारत, रात्री कोणी कोणाला दार उघडत नाही. बायको टोपलीवर बसली. पाय सुजलेले, श्वास वरवर चाललेला.

"घंटा दाब की," ती म्हणाली. "तुमच्या कंपनीचा ड्युटीवरचा माणूस येईल."

भाच्याने घंटेचं बटण दाबलं. मग कपाळ भिंतीला टेकवलं.

"काय झालं? शनिवारी रात्री ड्युटीवर कोण असतो?"

"असतो एक."

"कोण रे?"

"...मी."

बायको हसायला लागली ती थांबेचना. कारण घंटा दाबली की फोन जायचा थेट ड्युटीवाल्याकडे, आणि ड्युटीवाल्याचा फोन होता चौथ्या मजल्यावर, पलंगावर. लिफ्टमध्ये घंटेशेजारी बोलायची जाळी होती, तिच्यातून रिंग ऐकू येऊ लागली. ट्रिंग... ट्रिंग... आणि वरूनही, लांबून, भिंतींमधून बारीक, तीच ट्रिंग.

"अरे, उचल की मग!" हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं. "ड्युटीवर झोपा काढतोस?"

ट्रिंग... ट्रिंग...

आणि रिंग थांबली.

बंद नाही झाली. फोन उचलला गेला.

जाळीतून घरघर. मग काहीच नाही. मग कोणीतरी श्वास घेतला.

भाच्याचा हात गळ्याशी गेला. किल्ली होती. दोरी होती. दार त्यानेच ओढलं होतं.

"कोण... कोण बोलतंय?"

जाळीतून आवाज आला. हळू.

"ये..."

थांबला.

"...तो."

बायकोचं हसू तोंडातच राहिलं.

वर कुठेतरी दार वाजलं. खट्. मग सपाता. जिन्यावरून. घासत... घासत... एक पायरी. थांबणं. दुसरी पायरी.

त्या इमारतीत जिन्यातले दिवे माणूस आला की पेटतात, गेला की थोड्या वेळाने विझतात. तिसऱ्या मजल्याचा दिवा पेटला. वरच्या चार बोटांच्या फटीतून उजेड आत आला. सपाता फटीपर्यंत आल्या.

थांबल्या.

फटीतून उजेड दिसत होता. फरशी दिसत होती. पाय... नव्हते.

"ये... तो."

आता जाळीतून नाही. वरून.

भाच्याने बायकोचा हात धरला. ती पुटपुटली, "अरे... यायचं म्हणतायत ते... कुठे?"

भाचा तिच्याकडे बघत होता. तिच्या चेहऱ्याकडे नाही. पोटाकडे.

तिच्या लक्षात आलं. दोन्ही हात पोटावर गेले. आत बाळ फिरत होतं मघापासून, एकसारखं. आता गप्प झालं. अगदी गप्प.

"ये..."

"तू शिकवलंस," ती दातावर दात दाबून म्हणाली. "चुकीचं शिकवलंस. आता बरोबर शिकव."

"काय शिकवू?"

"दुसरा शब्द."

भाच्याने तोंड उघडलं. तो शब्द जन्मात त्याने उच्चारला नव्हता. आईने बोलूच दिला नव्हता.

मग तीच उठली. भिंतीला धरून, टाचा उंचावून, फटीशी तोंड नेलं. आवाज असा काढला, जशी एखादी लेक बापाचा हात धरून त्याला रस्ता ओलांडून देते.

"आजोबा... चुकलं आमचं. चहाला यायचं राहिलं. पण आता येतो नाही म्हणायचं. जातो म्हणायचं. म्हणा. जा... तो."

काही नाही.

"ये..."

"नाही, आजोबा. जा."

काही नाही. उजेड तसाच. मग फार हळू, जड जिभेने,

"जा..."

वरचा दिवा विझला.

काळोख. वाट बघणं. निळा दिवाही मिणमिणून गेला. दोघांचे श्वास तेवढे...

तीन श्वास?

"...तो."

हे वरून नाही आलं. लिफ्टच्या आतून आलं.

लिफ्टने हिसका दिला. दिवा आला. वर निघाली. तिसरा गेला. चौथा आला... आणि गेला. भाचा बटण दाबत राहिला. पाचवा. सहावा. सातव्यावर थांबली. दार उघडलं. समोरची वाट रिकामी. तिथला दिवा पेटला, जणू कोणी पाऊल टाकलं. दार थोडा वेळ उघडं राहिलं. मग लागलं. लिफ्ट चौथ्यावर आली, शहाण्या पोरीसारखी.

घराला कुलूप होतं. फोन पलंगावर, पालथा. कोणी उचलला, किती वेळ उचलला, भाच्याने बघितलं नाही. तू बघितलं असतंस? राहू दे, फुशारक्या नकोत. बायकोने पोटावर हात ठेवला आणि आतून एक लाथ बसली. त्या लाथेसारखी गोड लाथ नाही, असं ती अजून म्हणते.

दीड महिन्याने बाळंत झाली. मुलगी! भाच्याने तिकडून मामाला फोन केला, हसत होता की रडत होता, देव जाणे. "मामा, मुलगी झाली! येतो म्हणत होते ते, येतो! आणि आली ती मुलगी. सुटलो!"

सुटले. तळमजल्याच्या घरात राहायला गेले. लिफ्टच नको. 'येतो' हा शब्द घरात बंद, 'जातो' तर आधीपासूनच बंद. बाहेर पडताना दोघं मुक्याने हात हलवतात.

या उन्हाळ्यात आले होते पोरीला घेऊन. सव्वा वर्षाची झालेली, चालते, हसते, पण बोलायचं नाव नाही. आई नाही, बाबा नाही, मम्म नाही. सगळे म्हणाले, बोलेल, घाई काय. चार दिवस राहिले. निघायच्या दिवशी भाचा बॅगा गाडीत ठेवत होता. सूनबाई पोरीला कडेवर घेऊन याच पायरीवर उभी होती. हो, याच, जिथे तुम्ही बसलायत. मामाने लाडाने हात हलवला.

पोरीने मागे वळून घराकडे बघितलं. एक चिमुकला हात उचलला, टोपीला लावावा तसा कपाळाशी नेला. आणि बोलली. पहिलाच शब्द.

"जा..."

थांबली.

"...तो."

मुलगी आहे हो ती.