उकळलेला फ्लास्क

सांडपाण्यात उतरलेली औषधं जिवाणूंना खायला घालायची आणि त्यांचं काहीतरी निरुपद्रवी करून घ्यायचं, हे प्रयोगशाळेत बाईंचं काम. कामात चोख बाई, पण त्या सोमवारी फिटच्या औषधाची शुद्ध पूड संपली. नवी यायला आठवडा होता आणि बाईंना धीर कुठला! पर्समध्ये लेकीच्या गोळ्यांचं पाकीट होतंच. औषध तेच. एक गोळी कुटली आणि दोन फ्लास्कमध्ये वाटून टाकली. एकात जिवंत जिवाणू, दुसऱ्यात उकळून मारलेले, तुलनेसाठी.

गुरुवारी जिवंत फ्लास्कमधलं औषध संपलं होतं. उकळलेल्यातलंही.

"मेल्यावरही यांची भूक काही जात नाही!" शेजारच्या टेबलावरचे काका हसले.

"गप्प बसा हो काका. मीच उकळायला कमी पडले असेन."

बाईंनी पुन्हा तासभर उकळलं. सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत असं काही म्हणजे काही नव्हतं. आणखी एक गोळी कुटून घातली, तिच्यातलं औषधही सकाळपर्यंत गायब. मग मात्र बाईंनी काकांना न सांगताच दोन्ही फ्लास्क आम्ल ओतून संपवले.

पुढच्या आठवड्यात लेकीची नेहमीची रक्ततपासणी होती. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"गोळ्या वेळेवर देताय ना? रक्तात औषधाचा मागमूस नाही."

गोळी त्या रोज स्वतः भरवत, जीभ वर करून बघत. आठ वर्षांची पोर ती. मागे जिन्यात फिट आली, तेव्हा हातची जाता जाता वाचली होती.

"फिट आली का मधे?"

"नाही. हे पाकीट उघडल्याला दहा दिवस झाले, एकही नाही." एरवी औषध घेऊनही आठवड्याला एक ठरलेली.

"नशीब म्हणायचं. पण भरवसा नको. औषध बदलू या."

घरी आल्यावर बाईंनी नवी गोळी लेकीच्या तळहातावर ठेवली. लेकीने ती हुंगली.

"ही नको. त्यांना जुनीच लागते."

"कुणाला गं?"

लेकीने मूठ मिटून घेतली.

"पुरे झाली नाटकं. गीळ."

तिने गिळली.

पाचेक मिनिटांनी तिचा डावा हात थरथरू लागला. फिटची सुरुवात अशीच व्हायची. पण एरवी तिचे डोळे फिरायचे. आज ते आईवरच खिळले होते, पाण्याने भरलेले.

"आई, दे ना गं त्यांना. मला भीती वाटते."

बाईंनी जुनं पाकीट अक्षरशः फाडलं. गोळी लेकीच्या जिभेवर ठेवली.

हात थांबला.

"बरं वाटतंय ना, बाळा?"

लेकीने मान तिरकी केली, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी.

"आज एक पुरे," ती म्हणाली. "उद्यापासून दोन."